खोड सांगून दिलेलं

रखमाजीच्या हातून घेतलेला बैल घरी जाऊन लाथ मारायचा नाही, आणि मारलीच तर ती आधी सांगितलेली असायची. जालन्याच्या बैलबाजारात ही गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक होती. वडीगोद्रीचा हा म्हातारा उभी हयात दलालीत घालवून बसला, पण त्याची एक रीत काही सुटली नाही. दावं घेणाराच्या हातात देण्याआधी तो जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि चार माणसांत मोठ्यानं खोड सांगायचा. हा गाडीला जुंपला की खाली बसतो. ही धार काढू देत न्हाई, पाय बांधावे लागतेत. याचा उजवा डोळा अधू हाये. विकणारा बिचारा शेजारी उभा राहून दात-ओठ खायचा आणि म्हणायचा, अरे, तू माझा दलाल का त्याचा? रखमाजी ढिम्म. खोड लपवून दिलेलं जनावर पुढच्या बाजाराला परत येतं अन् संगं शिव्या घेऊन येतं, एवढंच तो बोलायचा.

लोक त्याला हेकट म्हणायचे. त्याची बायको दुर्गाबाई तर तोंडावर म्हणायची, आणि तिला तो अधिकार होता, कारण त्या हेकटपणाबरोबर संसार तिनं केला होता.

अशा माणसाच्या घरात पायल जन्मली. त्याचा एकुलता एक मुलगा भारत, त्याची ही पहिली लेक. बाळंतीण घरी आली आणि चार-पाच दिवसांत घरभर एक गोड वास सुटला. गुऱ्हाळावर काकवी तापते ना, अगदी तसा. वास येत होता तो बाळाच्या दुपट्याला. दुर्गाबाई हरखली, लक्ष्मी आली, येताना गोडवा घेऊन आली, असं शेजारणींना सांगत सुटली. आठवडा पुरा व्हायच्या आत बाळानं दूध ओढणं सोडलं आणि ते चिंधीसारखं लुळं पडलं. तिथून जालना, जालन्यातून संभाजीनगर, संभाजीनगरहून रक्ताची बाटली मुंबईला. आजाराचं नाव आलं ते एवढं लांबलचक की घरात कुणाच्या जिभेवर बसेना. मग सगळे त्याला काकवीचा आजार म्हणू लागले.

आजार लाखांत एखाद्याला होणारा. डाळीत, दुधात, अंड्यात, अगदी ज्वारीच्या भाकरीतसुद्धा काही अंश असे असतात की जे अंगाला मोडून पचवावे लागतात. पायलच्या लिव्हरला ते मोडता येत नव्हते. मग ते रक्तात साठायचे आणि डोक्यात चढायचे. म्हणून पोरीला वरण नाही, दूध नाही, शेंगदाणा नाही. मोजून घातलेला भात, थोडी भाजी आणि डब्यातली खास पावडर. साधा ताप आला तरी दवाखाना. पोरगी नऊ वर्षांची झाली, चौथीत गेली, बोलायला चुणचुणीत होती; पण प्रत्येक आजारपण तिच्यातलं काहीतरी घेऊन जायचं.

रखमाजीच्या जिवाला आणखी एक घोर होता. सून वंदना ही दुर्गाबाईच्या सख्ख्या भावाची मुलगी. आतेभावाला मामेबहीण करायची, ही तर आपल्याकडची चालतच आलेली रीत. ते लग्न रखमाजीनं स्वतः पुढं होऊन जमवलं होतं. बघितलेलं घर, बघितलेलं रक्त, त्यात काय तपासायचं, असं त्याचं म्हणणं. पुढं डॉक्टरनं कागदावर रेघा मारून दाखवलं, की भारत आणि वंदना दोघांच्याही रक्तात हीच खोट अर्धी-अर्धी आहे, पोरीत ती पुरी उतरली. घरात कुणी त्याला शब्दानं बोललं नाही. तो मात्र त्या दिवशी जेवला नाही. जनमभर दुसऱ्याच्या जनावराचे दात पाहिले आणि आपल्या घरच्या सौद्यात डोळे झाकले, हे त्याला फार लागलं होतं.

मुंबईच्या एक लिव्हरच्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा जालन्यात येऊन पेशंट बघायच्या. त्यांनी या उन्हाळ्यात ट्रान्सप्लांटचं काढलं. वंदनाच्या लिव्हरचा एक तुकडा कापून पायलला लावायचा, पायलचं पुरं काढून टाकायचं. वंदनातही खोट होती, पण अर्धी. काम भागण्यापुरतं तिच्या लिव्हरला जमत होतं. तेवढं जमलं तरी पोरगी चारचौघांसारखं वरण-भात खाईल. वंदना त्याच क्षणी हो म्हणाली. सगळं घर हो म्हणालं. मग डॉक्टरीणबाईंनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि तिथं गाडी अडली.

त्या म्हणाल्या, पायलचं निघालेलं लिव्हर फेकू नये. ते एका दुसऱ्या पेशंटला लावता येईल. त्या पेशंटचं लिव्हर पार गेलंय, घरातल्या कुणाचं जुळत नाही, आणि हातात फार वेळ नाही.

रखमाजी खुर्चीतून उठलाच. ज्या वस्तूनं माझ्या नातीला नऊ वर्षं मरणाच्या दारात बसवलं, ती काढून दुसऱ्याच्या पोटात घालायची? असला धंदा त्यानं बैलांत केला नाही, तो माणसांत करणार होता होय? भारतनं मान खाली घातली. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं. हे मोडायचं काम एकटं लिव्हर करत नाही, अंगातलं मांसही ते करतं. पायलच्या अंगात ते कुणालाच जमत नाही, म्हणून ती आजारी. पण चांगल्या माणसाच्या अंगात बाकीचे ते काम उचलतात. एकट्या लिव्हरला नाही जमलं तरी अडत नाही. त्या पेशंटला वरण-भात सगळं चालेल.

रखमाजीला हे समजलं. बराबर समजलं. गाडीला एकटा जुंपला तर बसणारा बैल त्यानं पाहिला होता, आणि तोच बैल चार बैलांच्या नांगराला लावला की मुकाट चालतो, हेही पाहिलं होतं. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं. त्यानं विचारलं, घेणाराला खोड कोण सांगणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आम्ही सगळं सांगतो, लिहून घेतो, सही घेतो.

"तुम्ही सांगता ते बराबर हाये बाई," रखमाजी म्हणाला, "पण खोड मालकानं सांगायची असती."

नाव सांगता येत नाही, तसा नियमच आहे, असं त्या म्हणाल्या. मग आमच्याकडून नाही समजा, असं म्हणून रखमाजी बाहेर आला. पायलचं ऑपरेशन काही त्याच्या होकारावर अडणार नव्हतं. पण भारत बापाच्या शब्दाबाहेर आजवर कधी गेला नव्हता, आणि निघालेल्या लिव्हराचं काय करायचं त्यावर त्याची सही लागणार होती. म्हणजे कोण कुठल्या त्या पेशंटचा जीव या म्हाताऱ्याच्या हेकटपणाला टांगलेला होता, आणि हे घरी परतताना जीपमधल्या प्रत्येकाला कळत होतं. 

घरी आल्यावर वंदना बोलली. सासऱ्यासमोर ती कधी आवाज चढवायची नाही, त्या दिवशीही चढवला नाही.

"मामा, माझं कापून मी पायलला देणार. तिचं निघालेलं कुणाला द्यायचं का कचऱ्यात टाकायचं, एवढंच तुमच्या हातात हाये. टाकू नका."

मग तिनं सांगितलं की तो पेशंट कोण असेल ते तिला ठाऊक आहे. डॉक्टरांनी नाव सांगितलं नव्हतं, पण महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात एका बाकावर बसणाऱ्या बायकांना काय कळायचं राहतं? जालन्यातल्याच मस्तगडची सुरेखाबाई, शाळेत मास्तरीण. अंगानं लहानखुरी, म्हणून लहान पोरीचं लिव्हर तिला पुरेल. रक्तगट पायलचाच. व्यसन नाही, काही नाही. तिचं स्वतःचं अंगच तिच्या लिव्हरवर उठलं होतं. बाई बघता बघता वाळून चालली होती, असं वंदना म्हणाली आणि आत जाऊन पायलचा भात मोजू लागली.

रखमाजीला रात्रभर झोप लागली असेल असं वाटत नाही. सकाळी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, आणि बाजार नसतानाही जालन्याच्या गाडीत बसला. कुठं चाललात, असं दुर्गाबाईनं विचारलं. खोड सांगायला, तो म्हणाला.

मस्तगडात शाळेतल्या बाईंचं घर कुणीही दाखवलं. दार उघडलं ते त्यांच्या नवऱ्यानं. संघपाल त्याचं नाव, बँकेत होता, बायकोच्या आजारपणापायी रजेवर. पुढच्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली पलंगावर सुरेखाबाई टेकून बसल्या होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं आणि हाताच्या नुसत्या काड्या. रखमाजीनं सवयीनं त्यांच्यावर तशी नजर टाकली, जशी तो घेणाऱ्या गिऱ्हाइकावर टाकायचा: याच्या घरी जनावर निभेल का? मग त्याची त्यालाच लाज वाटली. मी पायलचा आजा, एवढं सांगून तो खुर्चीच्या कडेला टेकला.

पायलचं नाव ऐकताच नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. संघपालनं पाणी आणून दिलं आणि हळूच सांगितलं, की बाबा, तुम्ही एवढ्या लांबून आलात, पण आम्ही नाही म्हणायचं ठरवलंय.

हे काही रखमाजीच्या हिशेबात नव्हतं. तो आला होता गळ्यापर्यंत गरजेत बुडालेल्या माणसाला सावध करायला, आणि इथं गिऱ्हाईक जनावर न पाहताच पाठ फिरवून उभं. का म्हणून त्यानं विचारलं. सुरेखाबाई दम खात खात बोलल्या. त्यांच्या वर्गात पायलच्याच वयाची मुलं समोर बसतात. एवढ्या लेकराच्या पोटातलं काढून आपण जगायचं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. डॉक्टर म्हणतात तिला आईचं मिळणार आहे, ते खरंच असेल. पण उद्या त्या पोरीला काही कमी-जास्त झालं, तर आपलं मन आपल्याला खाईल. त्यापेक्षा जे व्हायचं ते होऊ दे.

रखमाजीनं ऐकून घेतलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"घ्या का नका घेऊ, ते तुमचं तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "म्या खोड सांगायला आल्तो. तेवढी ऐकून घ्या."

आणि तो सांगू लागला. बाजारात जनावराच्या पाठीवर हात असायचा, इथं हात ठेवायला काही नव्हतं, म्हणून तो आपल्याच गुडघ्यावर ठेवला. दुपट्याचा गोड वास आणि लुळं पडलेलं बाळ, तिथपासून सुरुवात केली. एका लग्नात कुणीतरी मायेनं पोरीच्या तोंडात पेढा घातला आणि ती वऱ्हाडातून थेट बेशुद्ध होऊन दवाखान्यात गेली, ते सांगितलं. शाळेत सगळी पोरं खिचडीच्या पंगतीला बसतात आणि ही भिंतीकडं तोंड करून आपल्या डब्यातला फिका भात खाते. एकदा ताप असा चढला, की बरी झाल्यावर पोरगी शिकलेली बाराखडी विसरली आणि पुन्हा पहिल्यापासून शिकली, तक्रार न करता. तिच्या आईनं नऊ वर्षांत माहेरी एक रात्र काढलेली नाही. असं त्या लिव्हराचं सगळं वाईट त्यानं एकामागून एक काढलं, काही हातचं राखलं नाही. गावात कुणी विचारलं तर तो आजवर नुसतं म्हणायचा, पोरगी नाजूक हाये. बैलाची खोड चव्हाट्यावर सांगणारा माणूस, नातीची झाकत आला होता. हे त्याच्या ध्यानात तिथं, परक्याच्या खुर्चीत बसल्यावर आलं.

सुरेखाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, म्हणजे ते तिच्याजवळ राहिलं तर ते तिला मारणार?

"आज न्हाई तर उद्या," रखमाजी म्हणाला. "त्याच्यासाठीच काढून राह्यले. तुम्ही न्हाई म्हणलात म्हणून ते पोरीच्या पोटात ऱ्हाणार न्हाई. निघणार म्हंजी निघणार. तुम्हाला न्हाई तर कचऱ्यात."

 डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं असं नाही. दोनदा सांगितलं होतं, कागदावरही होतं. पण पोरीचं लिव्हर एवढाच शब्द बाईंच्या कानात बसला होता, पुढचं काही आत गेलंच नव्हतं. आता पोरीच्या आज्यानं त्याच लिव्हराची एवढी निंदा केली, तेव्हा त्यांच्या छातीवरचा धोंडा हलला. आपण कुणाचं काही हिरावून घेत नाही, हे त्यांना पहिल्यांदा खरं वाटलं.

मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली असावी. त्या म्हणाल्या, "बाबा, खोड सांगितलीत. आता गुण सांगा."

 बैलाचे गुण सांगायला त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. खांदा, चाल, अंगातलं पाणी, सगळं जिभेवर असायचं. पण या वस्तूला त्यानं नऊ वर्षं नुसत्या शिव्या दिल्या होत्या. देवापुढं दिवा लावताना सुद्धा तो म्हणायचा, जळो ते मेलं. तिचा गुण काय असणार? तो खाली फरशीकडं पाहत राहिला. आणि मग तुटक तुटक बोलू लागला.

"एक काम त्याला जमलं न्हाई. जलमापासून न्हाई जमलं. पण बाकीचं समदं... समदं त्यानंच केलं की वो. पोरगी वाढली. पळती, खेळती. कितींदा मरणाच्या तोंडातून माघारी आली, ती कुणाच्या जिवावर? त्याच्याच. एकलंच होतं बिचारं, संग ओढायला दुसरं कुणी न्हाई, तरी नऊ वर्सं ओढलं त्यानं." त्यानं मांडीवरची टोपी हातात घेतली. "लई इमानी हाये, बाई. म्या उगं शिव्या दिल्या त्याला."

आणि म्हातारा टोपीत तोंड खुपसून रडला. पोरीच्या एवढ्या आजारपणांत त्याला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. संघपाल उठून चहा ठेवायला गेला, ते बरं केलं. सुरेखाबाईंनी म्हाताऱ्याला रडू दिलं. तो सावरला तेव्हा त्या म्हणाल्या, मी घेते. नीट सांभाळीन. चहा पिऊन उठताना रखमाजीनं दारातून एकच सांगितलं, की औषधं बुडवू नका, आणि खुशाल वरण-भात खा, तुमच्याकडं ओढायला दुसरे हायेत.

भारतनं सही केली. पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाई रखमाजीला म्हणाल्या, असं परस्पर जायचं नसतं, बाबा. तो हो म्हणाला. चूक तर होतीच, आणि त्याला ती पुन्हा करावी लागली असती तर त्यानं केलीच असती. मग दोन्ही घरांचे कागद अवयवदानाच्या समितीपुढं गेले, मंजुरी आली, आणि पावसाळा सरता सरता तारीख मिळाली.

मुंबईला रखमाजी गेला नाही. गोठा कोण बघणार, हे त्यानं कारण सांगितलं. खरं म्हणजे त्याला तेवढा धीर नव्हता. एकाच दिवशी, एकाच मजल्यावर तिन्ही ऑपरेशनं होती. सकाळपासून दुर्गाबाई रेणुकेच्या तसबिरीपुढं बसून होती आणि रखमाजी झाडलेलाच गोठा पुन्हा पुन्हा झाडत होता. दुपारी शेजारचा तातेराव येऊन बसला. संध्याकाळपर्यंत ओटा माणसांनी भरला. गावात आता सगळ्यांना सगळं माहीत होतं, कारण मस्तगडाहून आल्यापासून रखमाजीच ते सांगत सुटला होता.

दिवेलागण होऊन गेली आणि भारतचा फोन आला. त्याला रडण्यानं बोलता येत नव्हतं. पायल बराबर हाये, तो म्हणाला, वंदना बी बराबर हाये. ओट्यावर माणसांनी हात जोडले, कुणी दुर्गाबाईला सांगायला आत धावलं. तातेराव पेढे आणायला उठलासुद्धा.

"अन् ती?" रखमाजीनं फोनात विचारलं.

कोण ती, भारतला कळेना. मस्तगडची, रखमाजी म्हणाला. तिचं अजून विचारलं नाही, असं पोरगं बोललं मात्र, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आपली दोन माणसं सुखरूप निघाली म्हणून तिसरीचं विचारायला तोंड झिजतं का तुझं, जा, इचारून ये जल्दी, असं खेकसून त्यानं फोन मांडीवर ठेवला. तातेरावला म्हणाला, बस खाली. पेढे-बिढे काही नको अजून. तातेरावनं समजूत घालायचा प्रयत्न केला, की अरे, आपलं तर चांगलं झालं ना? रखमाजीनं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो बसला.  कुणाची काहीच नसलेली एक मास्तरीण, तिच्यासाठी सगळा ओटा खोळंबून राहिला.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. रखमाजीनं तो कानाला लावला आणि नुसतं ऐकलं. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या होत्या. लिव्हर लावलं, रक्त सोडलं आणि थोड्या वेळात त्यातून पित्त उतरायला लागलं. चांगलं काम करून राह्यलंय, असं त्या म्हणाल्या म्हणे.

रखमाजीनं फोन ठेवला.  आतून दुर्गाबाई पदरानं डोळे पुसत उंबऱ्यापर्यंत आली. पुन्हा कुणाचा फोन आल्ता, असं तिनं घाबरून विचारलं, दोघी बऱ्या हायेत ना?

"तिघी," रखमाजी म्हणाला.